मागच्या यार्डाचे वीस सेकंद

तुमसरला माझं दुकान आहे. एक शटर, आत काउंटर, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला भिंतीवर लावलेले चार-पाच कॅमेरे. आयटीआय केल्यावर मी काही वर्षं दुसऱ्याच्या दुकानात टीव्ही दुरुस्त करत होते. मग टीव्ही दुरुस्त करून घेणारेच कमी झाले आणि मी कॅमेऱ्यांच्या कामाला लागले. किराणा दुकानं, दवाखाने, एखादी शाळा, असं चालायचं. बाई शिडीवर चढते म्हणून सुरुवातीला लोक खाली उभे राहून बघत. नंतर त्यांना सवय झाली.

मोठं काम मात्र मिळत नव्हतं. म्हणून गावाबाहेरच्या एका राइस मिलमधून बोलावणं आलं, तेव्हा मी दुपारचं जेवण अर्धं टाकून गेले. दहा-अकरा एकरांचं आवार. पुढे गेट आणि ट्रक तोलायचा धर्मकाटा, मध्ये मिल आणि बॉयलर, एका बाजूला तांदळाचं गोदाम, आणि सगळ्यात मागे उघडं यार्ड. तिथं ताडपत्र्या घातलेल्या, धानाच्या पोत्यांच्या थप्प्या. मालकाला सगळे शेठ म्हणत. त्यांच्या एका नातेवाइकाच्या कारखान्यात त्यांनी फिरता कॅमेरा पाहिला होता. उंच खांबावर बसतो, गर्रकन मान वळवतो, लांबच्या ट्रकचा नंबर जवळ ओढून दाखवतो. तोच त्यांना हवा होता.

मुकादमाला बरोबर घेऊन मी सगळं आवार पायी फिरले. वहीत नकाशा काढला, अंतरं पावलांनी मोजली. मग ऑफिसात येऊन शेठना म्हटलं, "हा कॅमेरा लांबचं पाहाते शेठ, पण एका टायमाले एकाच दिशेले पाहाते. गेटवर पाहून राहिला तं मागचं यार्ड त्याले दिसत नाही."

"फिरते ना तो?"

"फिरते. पण फिरून येईपर्यंत जे झालं ते झालं. म्हणून म्हणते, गेटवर, काट्यावर, गोदामावर न् मागच्या यार्डात एकएक साधा कॅमेरा लावा, जागचा न हलणारा. न् मधात खांबावर हा एक."

"म्हणजे पाच."

"हो जी."

"देख बाई," शेठ म्हणाले, "मले एकच पाहिजे, पण भारी पाहिजे. पाच ठिकाणी खोदकाम, पाच ठिकाणी वायर, एवढा पसारा कोण सांभाळन? एकात भागव. नसन जमत तं भंडाऱ्याहून माणूस बोलावतो."

मी आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती. मागचं यार्ड भिंतीच्या आड नाही, पण खांबापासून लांब आहे, तिथं माणसं काम करतात, तिथं तरी एक जागचा कॅमेरा लावा, एवढं तरी. पण भंडाऱ्याच्या माणसाचं नाव निघालं आणि मी गप्प झाले. "जमते," म्हटलं.

डिसेंबरात खांब उभा केला. खड्डा, काँक्रीट, वीज पडली तर जमिनीत उतरावी म्हणून तांब्याची पट्टी, हे सगळं आम्ही नीट केलं. वेल्डिंगचं काम करणारे एक काका माझ्याबरोबर नेहमी असतात. वय झाल्यानं ते आता वर चढत नाहीत, म्हणून कॅमेरा घेऊन मीच चढले. मिलच्या भुशानं काच दर आठवड्याला आंधळी होणार हे मला माहीत होतं, म्हणून वर छत्रीसारखा पत्राही लावला.

खड्ड्याचं काँक्रीट भिजवत होतो तेव्हा एक हमाल जवळ आला. पन्नाशीचा असेल, डोक्याला लाल दुपट्टा गुंडाळलेला. त्यानं मला निरखून पाहिलं.

"तू सिहोऱ्याची ना? तुह्या बापासंगं म्या मंडीत पोते उचलले."

माझे वडील तुमसरच्या धानाच्या मंडीत हमाल होते, गुडघे जाईपर्यंत. मी हो म्हटलं.

"पोतं मानेवर नाही, खांद्याच्या हाडावर घ्याचं, हे मले त्यानं शिकवलं. आता कसा हाये तो?"

"ते गेले, काका. चार वर्षं झाले."

त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडून पुन्हा बांधला. मग वर खांबाकडे बघून म्हणाला, "हे आमाले पाहासाठी लावून राहिली का चोराले?"

"यार्डाले," मी म्हटलं.

"यार्डात तं आमीच राहातो."

तो हसला, म्हणून मीही हसले. त्यानंतर काम चालू असेपर्यंत तो रोज एकदा माझ्याजवळ येऊन उभा राहायचा. वडिलांची एखादी गोष्ट सांगायचा आणि मुकादमाची हाक आली की जायचा.

कॅमेरा चालू झाला. त्याला मी पाच जागा शिकवल्या: गेट, काटा, गोदामाचं दार, बॉयलर आणि मागचं यार्ड. प्रत्येक जागी वीस सेकंद थांबायचं, मग पुढच्या जागी वळायचं, आणि शेवटी यार्डावरून परत गेटवर. मिलमधले लोक याला गस्त म्हणू लागले.

एक गोष्ट इथंच सांगते, कारण ती त्याच दिवसाची आहे. कॅमेरा बसवताना वरून मला मागचं यार्ड पूर्ण दिसत होतं. थप्पी कशी रचतात हे हमालाच्या घरात वाढलेल्या पोरीला सांगावं लागत नाही. एक थर आडवा, एक उभा, म्हणजे पोती एकमेकांना धरून राहतात, आणि वर जाताना कडा आत घेत जातात. त्या थप्प्या तशा नव्हत्या. जागा वाचावी म्हणून सरळ भिंतीसारख्या चढवलेल्या होत्या, आणि उंचही फार होत्या. मी ते पाहिलं. पाहून माझ्या मनात आलं ते एवढंच की या उंचीमुळे मागची भिंत झाकली जाते, कॅमेऱ्याला ती दिसणार नाही. मग मी खाली उतरले आणि केबल जोडली.

दोन-तीन आठवड्यांनी शेठचा फोन आला. गेटमधून एक ट्रक निघून गेला होता आणि त्याचा नंबर आला नव्हता, कारण त्या वेळी कॅमेरा मागे पाहत होता.

"मागची जागा काढून टाक," ते म्हणाले. "तिथं काय हाये? धान हाये न् हमाल हायेत. धान कोणी खांद्यावर घेऊन भिंतीवरून थोडीच जाईन. तो टाइम गेटले दे."

"शेठ, मंग मागचं काहीच रेकॉर्ड होणार नाही."

"मले नाही पाहिजे ना मागचं."

मी दुकानात बसूनच मोबाइलवरून ते बदललं. चारदा बोट लावलं, झालं. माझी सवय आहे, प्रत्येक कामाची वहीत नोंद करते. तेव्हाही लिहिलं: मागचं यार्ड गस्तीतून काढलं, गेटला दुप्पट वेळ, शेठच्या सांगण्यावरून. तारीख घातली आणि वही मिटली.

मार्चमधली गोष्ट. दुपारी साडेतीनच्या सुमारास मिलच्या मुनीमजीचा फोन आला. "बाई, लवकर या. रेकॉर्डिंग काढाचं हाये. थप्पी पडली."

मी पोहोचले तोवर थप्पीखाली सापडलेल्या हमालाला दवाखान्यात नेलं होतं. तो वाटेतच गेला होता, हे मला गेटवर कळलं. कोण गेला ते मी विचारलं आणि चौकीदारानं सांगितलं. लाल दुपट्टा बांधणारा, एवढं म्हटल्यावर मला पुढचं ऐकू आलं नाही. मागच्या यार्डात फुटलेली पोती पसरली होती, धान घोट्यापर्यंत होतं. हमाल भिंतीच्या कडेनं बसले होते. एक पायताण धानात उलटं पडलेलं होतं आणि ते कोणीच उचलत नव्हतं.

ऑफिसात शेठ, मुनीमजी, मुकादम आणि एक पोलीस उपनिरीक्षक होते. मी दुपारचं रेकॉर्डिंग मागे घेऊन लावलं. गेट. काटा. गोदाम. बॉयलर. परत गेट. असं कितीतरी वेळ. मग तीन वाजून गेल्यावर एका फेरीत गेटवरचा चौकीदार खुर्चीवर बसलेला दिसतो. अचानक तो मान वळवतो, उठतो आणि कॅमेऱ्याच्या खालून मागच्या बाजूला धावत जातो. खुर्ची आडवी पडते. त्या माणसाच्या मरणाचं रेकॉर्डिंग म्हणजे एवढंच.

"पाहा साहेब," शेठ म्हणाले, "सगळी मिल दिसते, पण तो काम करताना कुठं दिसला का? जेवण झाल्यावर थप्पीच्या सावलीत जाऊन झोपला असन. म्या कितीदा सांगतलं, तिथं झोपत नका जाऊ."

मुकादम जमिनीकडे पाहत होता.

उपनिरीक्षकांनी मला विचारलं, "दुपारभरात मागचं यार्ड कुठंच दिसत नाही?"

"नाही साहेब," मी म्हटलं.

ते खरं होतं. का दिसत नाही हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शेठनी माझ्याकडे एकदा पाहिलं, बस. साहेबांसाठी पेन ड्राइव्हमध्ये त्या अख्ख्या दिवसाचं रेकॉर्डिंग भरून दिलं. एक प्रत मी स्वतःकडे घेतली. कशासाठी घेतली, तेव्हा मला सांगता आलं नसतं. मशीनमधलं रेकॉर्डिंग महिनाभरानं आपोआप पुसलं जातं, एवढं मात्र डोक्यात होतं.

त्याच्या वस्तीतल्या बुद्धविहारात त्याच्यासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मला निरोप होता. मी गेले नाही. कामाचं निमित्त काढून त्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या गावी गेले.

दोन दिवसांनी त्याची बायको दुकानात आली. सोबत तिची मोठी मुलगी होती, लग्न झालेली. मी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. ती बाई भिंतीवरच्या कॅमेऱ्यांकडे पाहत होती.

"बाई," ती म्हणाली, "ते मशीन सगळं पाहाते म्हणतेत. मंग आमचा माणूस काहून नाही दिसला? शेठ म्हणते तो झोपला होता. कामावर नव्हता म्हणते. मशीनमंधी पाहिलं म्हणते. संगचे हमाल रोजीच्या भेवानं बोलत नाहीत."

मी तिला कॅमेरा कसा फिरतो ते सांगू लागले. जागा, सेकंद, फेरी. ती ऐकत होती. तिची मुलगी मध्येच म्हणाली, "ताई, मागच्या यार्डात तो वळतच नव्हता का?"

"आधी वळत होता."

"मंग?"

"म्या बंद केलं," मी म्हटलं. "शेठनं सांगतलं, मागची जागा काढून टाक. म्या काढली."

त्या बाईनं पदरानं तोंड पुसलं. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत ती थांबली.

"कायले काढाले लावली?"

"गेट जास्त वेळ दिसावं म्हणून, मावशी."

"म्हणजे तो झोपला होता असं मशीन सांगत नाही."

"नाही. मशीनले त्या जागेचं काहीच माहीत नाही."

"हे तू कागदावर लिहून देशील का?"

मी लगेच हो म्हणाले असते तर आज ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. मी म्हटलं, "एक दिवस द्या." ती उठली. मुलगी माझ्याकडे न पाहता बाहेर पडली.

भीती कशाची होती, तेही सांगते. तुमसरमधल्या आणखी दोन मिलचं काम मी पाहत होते आणि दोन्ही शेठच्या नातेवाइकांच्या होत्या. शिवाय मी लिहून दिलं असतं तर पहिला प्रश्न मलाच आला असता, त्या दिवशी साहेबांसमोर का बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर अर्धं खाली ओढलं आणि ती प्रत उघडली. तोवर मी ती उघडली नव्हती.

कितीतरी वेळ मी तेच पाहत होते, गेट, काटा, गोदाम, बॉयलर. आणि मग लक्षात आलं. बॉयलरवरून गेटकडे वळताना कॅमेरा जवळचा रस्ता घेतो आणि तो रस्ता मागच्या यार्डावरून जातो. वळायला एक-दीड सेकंद लागतो. नुसतं पाहिलं तर सगळं पुसल्यासारखं दिसतं, डोळ्याला काहीच लागत नाही. मी ते थांबवून एकेक चित्र पुढे सरकवू लागले. फिसकटलेल्या रेघांत थप्पी दिसली. थप्पीवर दोन माणसं. खालून वर लावलेली फळी. पुढच्या फेरीत फळीवर एक माणूस पोतं घेऊन चढताना. त्याच्या पुढच्या फेरीत दुसरा. तासाभराच्या सगळ्या फेऱ्या मी कागदावर मांडल्या.

पडण्याच्या आधीच्या शेवटच्या फेरीत फळीच्या मध्यावर एक माणूस वाकलेला आहे, पाठीवर पोतं आहे. चेहरा म्हणजे नुसता डाग. डोक्यावर लाल रंगाची आडवी रेघ. त्याच्या पुढच्या फेरीत फळी नाही, थप्पीचा कोपरा नाही, फक्त धूळ आहे.

मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. वडील आजारी असताना शेवटी शेवटी झोपेत खांदा वर करायचे, कोणी पोतं चढवतंय असं वाटून. ते मला तेव्हा आठवलं, आणि मी रडले.

दुपारी मी निवेदन लिहिलं. वहीतल्या नोंदीची झेरॉक्स जोडली. मशीनमध्ये कोणता बदल कधी झाला याची यादी आपोआप राहते, तीही छापून जोडली. चित्रं छापली. थप्प्या कशा रचल्या होत्या आणि त्या मी खांबावरून पाहिल्या होत्या, हे मात्र मी लिहिलं नाही. आपण कॅमेरावाले, थप्पीवर बोलायचा आपल्याला काय अधिकार, असं तेव्हा स्वतःला समजावलं. त्या बाईलाही ते मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

पोलीस ठाण्यात उपनिरीक्षकांनी सगळं शांतपणे वाचलं. चित्रं उजेडाकडे धरून पाहिली.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"भीती वाटली साहेब."

त्यांनी तेही लिहून घेतलं. मी सही केली. दुसरी प्रत कामगार कार्यालयात दिली, तिथल्या बाबूनं शिक्का मारून पोच दिली. परत येताना मी त्या बाईच्या घरी गेले आणि पोचेची झेरॉक्स तिच्या हातात ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. "बसा," मुलगी म्हणाली, पण मी बसले नाही.

संध्याकाळी शेठचा फोन आला. ते ओरडले नाहीत.

"तुले म्या एवढं मोठं काम देल्लं," ते म्हणाले. "दुसरा कोणी देत नव्हता."

"हो शेठ. म्या जे केलं तेच लिहलं."

"तुह्या लिहल्यानं तो परत येणार हाये का?"

त्यांनी फोन ठेवला. आठवड्याभरात त्या दोन मिलनी कळवलं की यापुढे येऊ नका. शेठच्या मिलमध्ये भंडाऱ्याचा माणूस आला. वेल्डिंगवाल्या काकांनाही त्या बाजूची कामं मिळेनाशी झाली. ते मला काही बोलले नाहीत, पण एक दिवस त्यांनी आपलं वेल्डिंगचं मशीन माझ्या दुकानातून नेलं आणि वरठीला एकाकडे कामाला लागले. मला त्यांचं वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

मुकादम एकदा बसस्टँडवर दिसला. मी थांबले, तर तोही थांबला.

"म्याच त्याले चढवलं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी दोन माणसं आली नव्हती. त्याचं चढाचं काम नव्हतं, तो खालीच राहायचा. म्या म्हटलं, आजच्या दिवस चढ."

"मंग सांगा ना जाऊन."

"माह्या घरी पाच जणं खातेत बाई," तो म्हणाला आणि बसकडे गेला. मी त्याला थांबवलं नाही. एक दिवस मागून घेतलेली मीही होतेच.

भरपाईचं प्रकरण काही महिने चाललं. मिलच्या वकिलानं म्हटलं की ती चित्रं म्हणजे रंगाचे फराटे आहेत, त्यात कोण आहे ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. पण तिथं त्या वेळी काम चालू होतं, हे त्यांना नाकारता येईना, आणि तो झोपला होता हे म्हणणं त्यांनी हळूहळू सोडून दिलं. शेवटी तडजोड झाली. कागदावर आलं की कामावर असताना अपघात झाला, कोणाची चूक नाही. शेठवर काही झालं नाही. मुकादमावरही नाही.

पावसाळा संपत आला असताना ती बाई पुन्हा दुकानात आली, या वेळी एकटीच. हातात कापडी पिशवी होती. तडजोडीच्या कागदावर सही करून आल्याचं तिनं सांगितलं. "पोरगी म्हणे लढू," ती म्हणाली. "म्या म्हटलं, माह्यानं तारखेवर तारखेले जाणं होत नाही." आता ती दिघोरीला भावाकडे राहायला निघाली होती. तिथं शेतीच्या कामाला माणसं लागतात, खोली रिकामी आहे, असं म्हणाली.

मी चहा मागवला. तो आला, तिनं बशीत ओतला. मग मी म्हटलं, "मावशी, त्या सकाळचं रेकॉर्डिंग माह्यापाशी हाये. काट्यावरून जाताना ते दिसतेत, चेहऱ्यासकट. म्या ते तुमच्या पोरीच्या मोबाइलवर पाठवलं होतं."

"मालूम हाये. पोरगी पाहाते रोज."

"तुमी?"

"मी नाही पाहात." तिनं बशीतला चहा संपवला. "त्याच्यात तो चालून राहिला, न् मले मालूम हाये कोठं चालून राहिला. कशी पाहू?"

दिघोरीवरून जाणाऱ्या लाखांदूरच्या बसची वेळ झाली होती. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण तिनं ती दिली नाही. आम्ही स्टँडपर्यंत बरोबर गेलो. बस लागलेलीच होती. चढताना तिनं दांडा धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या दुकानाचं कसं चालून राहिलं?"

"चालते," मी म्हटलं.

ती आत जाऊन खिडकीपाशी बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन समोर पाहू लागली. बस निघेपर्यंत मी तिथंच उभी होते.